दोन बार, मग पळायचं

वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, रेखा, तू दोन वर्षं इंग्लंडला राहून आलीस, लंडनवर काहीतरी लिहून दे. मी म्हणाले, लंडन मी दोनदाच बघितलं आणि दोन्ही वेळेस सईचा हात इतका घट्ट धरला होता की मला लंडनपेक्षा तो हातच जास्त आठवतोय. बाई म्हणाल्या, मग जे आठवतंय ते लिही. मला एक शुक्रवार ते सोमवार नीट आठवतो, त्यात एक लढाई आहे, तीच लिहिते. माझं शिक्षण दहावीपर्यंत, त्यातही गणित आणि इंग्रजी राहिलेलं, तेव्हा चुका बाईंनी काढाव्यात.

आधी थोडं सांगावं लागेल. आमचे हे कंप्युटरमध्ये आहेत. कंपनीनं त्यांना दोन वर्षांसाठी लंडनजवळ ब्रॅकनेलला पाठवलं आणि मार्चमध्ये मी आणि सई फलटणहून तिकडं गेलो. सई तेव्हा साडेतीन वर्षांची. ऑगस्ट संपत आला तरी मी एकटी घराबाहेर पडले नव्हते. ब्रॅकनेलला चौक नाहीत, सगळीकडं गोल आहेत, गाड्या गोल फिरत येतात आणि कुठून बाहेर पडतील ते त्यांचं त्यांनाच माहीत. बसमध्ये चढताना ड्रायव्हरशी बोलावं लागतं म्हणून बस नको. ह्यांच्याबरोबर गेले की दुकानातली मुलगी दर वेळेस "यू ऑलराइट?" विचारायची, तिला काय सांगायचं ते सुचायचं नाही म्हणून दुकान नको. दाराची बेल वाजली की मी आणि सई सोफ्याच्या मागं जाऊन बसायचो. फोन वाजला की दमेपर्यंत वाजू द्यायचा. सईला वाटायचं इकडं असंच करतात.

ऑगस्टमध्ये ह्यांना मँचेस्टरचं काम लागलं. दर सोमवारी पहाटे जायचं आणि गुरुवारी रात्री यायचं.

हे म्हणाले, "चार दिवस तू एकटी राहशील?"

"नाही."

"सईची नर्सरी सुरू होतेय सोमवारी. नेशील तिला?"

"नाही. आम्हाला फलटणला पाठवा."

ह्यांनी वॉटफर्डच्या एका एजंटला फोन केला. त्यानं दोन तिकिटं धरून ठेवली आणि सांगितलं की सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो का नाही ते कळवा. हो म्हटलं की मी आणि सई घरी, आणि हे दीड वर्ष तिकडं. सई त्या वेळेस ह्यांच्या पोटावर पालथी पडल्याशिवाय झोपत नव्हती. दीड वर्षांनी तिला ते पोट ओळखू येईल का, असं मला सारखं वाटायचं, पण बोलायची हिंमत नव्हती, कारण जायचं म्हणणारी मीच होते.

शुक्रवार

आमच्या शेजारी कीथ आणि डोरीन राहायचे. दोघंही साठीच्या पुढचे. कीथनं तीस वर्षं बस चालवली, आता रिटायर, मागं पांढरी शेंडी बांधतो. शनिवार-रविवारी तो अमेरिकन सैन्यात हवालदार असतो.

हे मलाही आधी कळलं नव्हतं. इंग्लंडमध्ये लोक सुट्टीत जुन्या लढाया परत लढतात. जुन्या काळचे कपडे शिवतात, तंबू ठोकतात, बंदुकीत नुसती दारू भरतात, गोळी घालत नाहीत, आणि माणसं दोरीच्या मागं घडीच्या खुर्च्यांवर बसून सँडविच खात बघतात. अमेरिकेवर आधी इंग्रजांचंच राज्य होतं, तिथल्या लोकांनी बंड केलं, त्या लढायांची कीथची मंडळी होती. दोन्ही बाजूंना इंग्रजच. अडचण एवढीच की बंडखोर व्हायला कुणी तयार नसतं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांना मावळा व्हायचं असायचं आणि मोगल व्हायला बाईंना पोरं धरून आणावी लागायची. इथं उलटं. जी बाजू हरली तिच्याकडंच गर्दी, कारण तिचा कोट लाल आहे, पितळी बटणं आहेत, बूट चकाचक आहेत. बंडखोरांना तपकिरी सदरा आणि फाटकी टोपी.

कीथ ह्यांना म्हणाला, "सँडी, चला आमच्याबरोबर. जायच्या आधी बायकोला काहीतरी दाखव तरी." ह्यांचं नाव संदीप. हे मला म्हणाले, जाऊया, नाहीतर तू फलटणला सांगशील काय, की सोफा बघितला.

कुठल्यातरी मोठ्या बंगल्याचं हिरवंगार माळरान होतं, मधे एक बुटकी टेकडी, आणि पांढऱ्या कापडाचे तंबू. मला वाटलं जत्राच भरलीय, फक्त पाळणे नाहीत आणि कुणी ओरडत नाही. आमच्यासाठी डोरीननं एक जादा तंबू ठेवला होता. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन गेले होते. डोरीननं डबा बघितला आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाली, स्टील त्या काळी नव्हतं, लोकांना दिसलं तर आमची अब्रू जाईल. मग डबा गोणपाटात गुंडाळला. सईचा प्लॅस्टिकचा पेला टोपलीखाली गेला. माझे स्पोर्ट शूज मात्र तसेच राहिले, कारण त्या काळच्या बायकांच्या मापाचा जोडा माझ्या पायाला होईना.

डोरीन माझ्याशी इंग्रजीच बोलायची पण हातांनी. पहिल्याच संध्याकाळी मी तिला हातांनीच विचारलं की दुकानात "यू ऑलराइट" म्हटलं की काय सांगायचं. ती म्हणाली, काही नाही सांगायचं, तूही "यू ऑलराइट" म्हणायचं.

मी ह्यांना विचारलं, "अहो, म्हणजे तिला माझी तब्येत नको होती?"

हे म्हणाले, "पाच महिने तू तेवढ्यासाठी एकटी दुकानात गेली नाहीस?"

मी सईला धपाट्याचा घास भरवला. नाहीतरी त्याचं उत्तर कुणाला नको होतं.

शनिवार

सकाळी लाल कोटवाल्यांची कवायत. पन्नासभर माणसं एका ओळीत चालत होती, पाय सगळ्यांचा एकदम पडायचा आणि बंदुकीच्या टोकाला हातभर संगीन चमकायची. त्यांचा कॅप्टन ट्रेव्हर, एरवी दातांचा डॉक्टर. त्याच्या खांद्यावर सोनेरी झालर होती आणि त्याला ती फार आवडायची, सारखा खांदा झटकायचा. तो आमच्या चुलीपाशी आला आणि कीथला म्हणाला, "काय रे, आज किती जण पळणार?"

कीथ म्हणाला, "जेवढे आलेत तेवढे. अठरा."

अठरात भर म्हणून ह्यांना घेतलं. तपकिरी सदरा दिला, टोपी दिली, बार न निघणारी बंदूक दिली, कारण दारूची बंदूक वापरायला लायसन लागतं. हे अगदी खूष. ऑफिसच्या फोटोत कधी हसत नाहीत, इथं दात दाखवून फोटो काढला.

कीथनं त्यांना मरायचं कसं ते शिकवलं. त्याचा एक रिवाज आहे. लढाई अर्धा तास चालते आणि मेलेल्याला शेवटपर्यंत पडून राहावं लागतं, म्हणून जुनी माणसं आदल्या दिवशीच फिरून कोरडी, सावलीची, मुंग्या नसलेली जागा हेरून ठेवतात आणि लढाई तिथपर्यंत पोहोचली की मगच गोळी लागते. दोघांनी एकच जागा हेरली तर भांडणं होतात. नव्या माणसाला जागा नसते. नवा माणूस लवकर मरतो आणि चिखलात मरतो.

दुपारी तीनला लढाई सुरू झाली. मी सईला मांडीवर घेऊन दोरीच्या मागं बसले होते, डोरीननं आमच्या दोघींच्या कानात कापूस घातला होता. पहिला बार झाला तसं मी सईला आणखी घट्ट धरलं. पन्नास बंदुका एकदम, नुसता धूर, आणि धुरातून ती संगिनींची ओळ तशीच चालत पुढं येतेय, थांबत नाही, पळत नाही, ढोल वाजतोय आणि येतायत. धूर जरा विरळ झाला आणि बघते तर हे पालथे पडलेले.

सई म्हणाली, "पप्पा पडले."

मला माहीत होतं की खोटं आहे. सकाळी कीथ शिकवत होता तेव्हा मी तिथंच धपाटे भाजत होते. तरी पण मी उठले, सईला डोरीनच्या मांडीवर टाकलं, पाण्याची बाटली घेतली आणि दोरीखालून वाकून धावत सुटले. पंजाबी ड्रेस, ओढणी, स्पोर्ट शूज. लाल कोटवाल्यांची अख्खी ओळ थांबली. ट्रेव्हरनं तलवार वर करून ठेवली होती ती तशीच वर राहिली. मी ह्यांच्यापाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "अहो, अहो, लागलं का?"

हे डोळे मिटूनच म्हणाले, "मी मेलोय. जा इथून."

"पाणी तरी घ्या."

"रेखा, मेलेला माणूस पाणी पीत नाही. जा."

लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला की त्या काळी बायकाही जखमींना पाणी द्यायला रणांगणात जात, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पिवळं जाकीट घातलेला एकजण आला आणि मला दंडाला धरून दोरीबाहेर घेऊन गेला. ह्यांच्या पोटाखाली काटेरी झुडूप होतं हे नंतर कळलं. ते अर्धा तास त्याच्यावर पडून होते आणि हलले नाहीत.

लढाई संपल्यावर हे अंगातले काटे काढत म्हणाले, "तुला खोटी बंदूक सहन होत नाही. मी सोमवारी एजंटला हो सांगतो. उगाच ताणायला नको."

मी म्हणाले, "सांगा."

एवढंच बोलणं झालं. मी तंबूत जाऊन सईचे कपडे घडी करत बसले. घडी केलेलेच होते, परत केले.

आठपर्यंत उजेड असतो तिकडं. जेवायच्या वेळेस सगळे चुलीभोवती बसले, बटाटे राखेत भाजत टाकले होते. डोरीननं माझा ठेचा काढला आणि मी पाणी आणायला गेले तेवढ्यात पावाच्या चकत्यांवर जॅम लावतात तसा जाड लावून वाटला. मी येऊन बघते तर खाऊन झालं होतं. सगळे समोर बघत बसले होते आणि डोळ्यांतून पाणी. ट्रेव्हर शत्रूचा असून जेवायला आमच्याकडंच आला होता, पण तो दातांचा डॉक्टर, आधी वास घेऊन बघतो, त्यानं धपाटं घेतलं.

घसा जागेवर आल्यावर कीथ बोलायला लागला. हे मला मराठीत सांगत होते, आधी तुटकपणे, मग त्यांनाच गोडी लागली.

ट्रेव्हर म्हणाला, "खरं सांग कीथ, तुझे बंडखोर लढायला कसे होते? आमची ओळ दिसली की पळायचे की नाही?"

कीथ म्हणाला, "पळायचे. कितीतरी वेळा पळाले. शेतकरी, चांभार, लोहार, दोन-तीन महिन्यांसाठी आलेले. घरी पीक उभं. शिकारीची बंदूक, तिला संगीन नाही, आणि भरायला एवढा वेळ लागतो की तोवर तुझा माणूस येऊन उभा. भिंतीच्या आडून मारायला सांग, झाडामागून सांग, खांद्यावरच्या झालरीवर नेम धरायला सांग, तिथं ते भारी होते. उघड्या मैदानात तुमच्यासमोर उभं राहायचं म्हटलं की संपलं. पुढं त्यांना कवायत शिकवली, संगिनी दिल्या, मग त्यांच्यातलेही काही तुमच्यासारखेच उभे राहायला लागले. पण पहिल्या दिवशी कोण उभा राहतो?"

"आणि तुमच्या मदतीला फ्रेंच आले नसते तर?" ट्रेव्हर म्हणाला.

"आले ना पण," कीथ म्हणाला.

मला काय झालं कुणास ठाऊक, मी ह्यांना म्हणाले, त्याला विचारा, मग त्या घाबरणाऱ्यांचं काय केलं? त्यांना घरी पाठवलं का?

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं. कीथनं बटाटा खाली ठेवला.

तो म्हणाला, एक सेनापती होता, त्याला माहीत होतं की आपली ही माणसं पळणार. दुसरे त्यांना शिव्या घालायचे, हा आदल्या संध्याकाळी शेकोटीशेकोटीला जाऊन बसला आणि म्हणाला, पोरांनो, मला तुमच्याकडून दोनच बार पाहिजेत. शत्रू जवळ येऊ द्या, दोन बार टाका, मग खुशाल पळा. टेकडीला वळसा घालून मागं जा. मागं माझी पक्की माणसं उभी आहेत. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. त्यांनी दोन बार टाकले आणि पळाले. लाल कोटवाल्यांना वाटलं जिंकलो, ते ओळ मोडून आरडाओरडा करत चढावर धावले, आणि वर पक्की फौज. तेवढ्यात पळालेले टेकडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत आले.

"पळाले कुठं ते तुझ्या साहेबानं बघायला पाहिजे होतं," कीथ ट्रेव्हरला म्हणाला.

हे एकदम उठून बसले. काटे विसरले. कीथला म्हणाले, हा तर आमचा गनिमी कावा, आमच्याकडं त्याच्या शंभर वर्षं आधी. मग अर्धा तास हातवारे करून घाटात, खिंडीत, कुणी कसं आत ओढलं, सगळं सांगितलं. कीथनं ते खरोखर वहीत लिहून घेतलं. गनिमी कावा मीपण चौथीत पाठ केला होता, मार्कही पडले होते. तो घाबरलेल्या माणसांसाठीही असतो हे पुस्तकात नव्हतं.

रविवार

सकाळी तीन बंडखोर मैदानाच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या संडासांपाशी होते. आत नाहीतर रांगेत. ठेच्यानं त्यांना धरलं होतं. ट्रेव्हर सलाम ठोकून मला म्हणाला, थँक यू, मॅडम, आमचं काम तुम्ही केलंत.

कीथ डोकं धरून बसला होता. आज तीच लढाई करायची होती, दोन बारांची, आणि पुढच्या ओळीतली तीन माणसं गेली. डोरीननं एक घागरा, एक एप्रन आणि एक टोपडं माझ्यापुढं धरलं. बायकाही पुरुषांचे कपडे घालून लढल्या, एकीनं घागऱ्यातच उभं राहायला काय हरकत आहे, असं कीथ म्हणाला.

मी म्हणाले, "अहो, सांगा त्यांना, मला नाही जमणार. मी पळून जाईन."

ह्यांनी सांगितलं. कीथ म्हणाला, "परफेक्ट. दोन बारांनंतर."

ठेचा माझा होता. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुपारी मला पुढच्या ओळीत उभं केलं, हातात बार न निघणारी बंदूक. ह्यांना मागच्या ओळीत, टेकडीवर, पक्क्या माणसांत. सई दोरीपाशी डोरीनच्या खांद्यावर. ढोल वाजायला लागला आणि ती लाल ओळ निघाली. काल बाजूनं बघितली होती, समोरून बघणं वेगळं. समोरून ती येत नाही, नुसती मोठी होते. मी मनात नुसतं दोन, दोन, दोन म्हणत होते, चार दिवस नाही, दीड वर्ष नाही, दोन.

कीथ ओरडला आणि पहिला बार झाला. मी डोळे मिटले होते. उघडले तर मी होते तिथंच होते. ते आणखी जवळ आले, ट्रेव्हरच्या बटणावरचं नक्षीकाम दिसायला लागलं, मी मागं बघितलं तर वरून हे मराठीत ओरडले, "रेखा, मागं मी आहे. एक टाक अजून आणि ये."

दुसरा बार झाला. तो मी डोळे उघडे ठेवून बघितला.

मग कीथ म्हणाला पळा, आणि मी अशी पळाले की बाकीचे मागं राहिले. वळसा डावीकडून घालायचा होता. मी सरळ गेले. टेकडी संपली, तंबू संपले, आणि मी संडासांपाशी जाऊन पोहोचले. तिथं ते तिघं रांगेत उभे होते. माझ्या हातात बंदूक, टोपडं मागं लोंबतंय, धाप लागलेली. त्यातला एकजण म्हणाला, "यू ऑलराइट?"

मी म्हणाले, "यू ऑलराइट?"

तेवढ्यात लांबून कीथची शिट्टी आणि त्याचा आवाज, "कम राउंड! कम राउंड!" म्हणजे वळसा घालून परत या. मी त्या तिघांकडं बघितलं. तिघांनी एकमेकांकडं बघितलं, पट्टे आवळले आणि निघाले. आम्ही चौघं टेकडीच्या भलत्याच बाजूनं, जिथून कुणी यायचं ठरलंच नव्हतं तिथून, लाल कोटवाल्यांच्या बरोबर पाठीमागं निघालो. ट्रेव्हर वर बघत तलवार फिरवत होता. मी त्याच्या पाठीला बंदूक लावली. काय म्हणायचं ते माहीत नव्हतं म्हणून "एक्स्क्यूज मी" म्हणाले.

त्यानं मागं वळून बघितलं, तलवार आडवी करून दोन्ही हातांनी मला दिली आणि म्हणाला, "ठेचा तेवढा नको."

सई डोरीनच्या खांद्यावरून ओरडत होती, "कम राउंड, कम राउंड." इंग्लंडला जाऊन तिनं बोललेलं पहिलं इंग्रजी तेच. माझं पहिलं बघायला गेलं तर संडासांपाशी म्हटलेलं "यू ऑलराइट."

घरी येताना गाडीत कीथनं मागं न बघता मला सांगितलं, आणि ह्यांनी मराठीत केलं, "बसच्या ड्रायव्हरला फक्त उतरायची जागा सांगायची. बाकी त्याला काही नको असतं. मी तीस वर्षं तिथं बसलो होतो, नवीन असताना प्रत्येक माणूस चढला की मला घाम यायचा."

तिकिटाचं हे काही बोलले नाहीत. सई झोपली होती, कुणाच्या पोटावर ते सांगायला नको.

सोमवार

पहाटे पाचला हे गेले. जाताना म्हणाले, "एजंट चारच्या पुढं फोन करेल. मी मीटिंगमध्ये असेन, त्याला पाचला मी हो सांगतो. तू नाही उचललास तरी चालेल."

आठ वाजता मी सईला बूट घातले. ठरवलं की दोनच बार. मग खुशाल घरी पळायचं.

बस आली. ड्रायव्हर तरणाबांड होता. मी उतरायची जागा सांगितली. त्याला कळली नाही, परत सांगितली, त्यानं तिकीट दिलं. त्याच्या कपाळावर घाम होता का ते बघितलं, तर होता, पण ऊनही होतं.

नर्सरीच्या दारात बाई उभी होती. म्हणाली, "यू ऑलराइट?" मी म्हणाले, "यू ऑलराइट? धिस सई." सईनं माझा हात सोडला नाही, मग सोडला.

दोन झाले. मी वळले आणि पळाले. बसबिस काही नाही, दोन गोल पायी ओलांडले, गाड्यांनी थांबून मला जाऊ दिलं, घरी येऊन दाराला कडी लावली आणि सोफ्यामागं जाऊन बसले. सई नव्हती म्हणून जागा जास्त होती. साडेअकरापर्यंत बसले. बाराला तिला आणायचं होतं. तेव्हा मला कळलं की कीथच्या सेनापतीनं दोन बारांचं सांगितलं ते खरं, पण परत यायचंय हे त्यानं बहुतेक शेवटी, हळू आवाजात सांगितलं असणार.

गेले. आणलं.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी आणि सई दोघी त्याच्याकडं बघत राहिलो. पाच वेळा वाजला. सहाव्याला मी उचलला. एजंट होता, हिंदीत बोलायचा.

"भाभी, दो टिकट हैं आपके नाम के. कन्फर्म कर दूँ?"

मी म्हणाले, "नको. कॅन्सल."

"साहब से पूछ लिया?"

ह्यांना विचारलं नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं. दारातून डोरीनच्या घराचं कुंपण दिसत होतं, तिच्या दोरीवर ते टोपडं वाळत घातलं होतं.

मी म्हणाले, "पूछने का क्या है. दोनों कॅन्सल."

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. मी काय केलं ते आता कळायला लागलं होतं. दर सोमवार ते गुरुवार, बस, गोल, बेल, फोन, दीड वर्ष. मी टबाच्या काठावर बसले आणि दीड वर्षात किती सोमवार येतात ते बोटांवर मोजायला लागले.

बराच वेळ झाला असेल. बाहेर छोटी पावलं आली आणि दाराशी थांबली. सईनं दारावर हात आपटला, एकदा, मग परत.

"मम्मी," ती म्हणाली. "कम राउंड."

"येते," मी म्हणाले, आणि कडी काढली.